घराभोवती : दारातलं पाणी जाणार कुठे?

मैत्रिणींनो, पावसाळा तोंडावर आला की आपली किती धांदल उडते! पापड-कुरडया डब्यात जातात, धान्याला कडुलिंबाचा पाला घातला जातो, छत्र्यांच्या काड्या तपासून होतात, पत्र्याच्या भोकांना डांबर लागतं. पण फाटकापासून पायरीपर्यंत जी दहा-पंधरा पावलांची जागा असते, तिची आठवण आपल्याला होते ती घोटाभर पाण्यात चप्पल वाहून जाते तेव्हा! मग विटा टाकायच्या, विटांवर फळी टाकायची, आणि साडी वर धरून कसरत करत घरात शिरायचं. चार महिने हेच. दसऱ्याला ऊन पडलं की आपण सगळं विसरतो.

मीही विसरलेच असते. पण मागच्या जूनमध्ये सारोळ्याला वन्संकडे चार दिवस राहिले आणि दारातल्या पाण्याने दोन घरांत काय होऊ शकतं ते डोळ्यांनी पाहिलं.

सारोळं भोर तालुक्यात. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड-शिवापूर, कापूरहोळ, किकवी मागे पडतं आणि नीरेच्या पुलाच्या अलीकडे सारोळं लागतं. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. भोर तालुक्याचं कसं आहे, पश्चिमेला वरंध घाटाच्या अंगाला पाऊस नुसता कोसळतो, आणि इकडे पूर्वेला, हमरस्त्याच्या पट्ट्यात, त्या मानाने बेताचाच. त्यामुळे इकडची माणसं पावसाच्या बाबतीत थोडी बेफिकीर. “आमच्याकडे कुठला आलाय एवढा पाऊस!” हे वन्संचं नेहमीचं वाक्य. खरं आहे ते, पण वळवाचा पाऊस वर्षाचा हिशेब करून पडत नाही. संध्याकाळी चारला आभाळ भरून येतं आणि पाचपर्यंत जे काय पडतं ते एका तासात पडतं. अंगणाची परीक्षा त्या एका तासात होते.

वन्संच्या दारापुढे पूर्वी साधा मुरूम होता. पाऊस पडला की थोडा चिखल व्हायचा, पण पाणी जिरायचं. गेल्या वर्षी भाच्याने गाडी घेतली. नवी गाडी चिखलात कशी उभी करायची? मग पायरीपासून फाटकापर्यंत तीस फूट लांब आणि बारा फूट रुंद असा सिमेंटचा कोबा झाला. गवंड्याने घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत केला. पायरीच्या कडेला रांगोळीसाठी लाल रंगाचा चौकोनसुद्धा काढून दिला. सगळ्यांनी कौतुक केलं. एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. खाली दगडाचं सोलिंग आणि वर कोबा मिळून जमीन अर्धा फूट वर आली होती आणि तीन पायऱ्यांच्या दोनच उरल्या होत्या!

मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वळीव आला. पाण्याचा एक हिस्सा पायरीशी तुंबला. उरलेलं सगळं पाणी गेलं कुंपणभिंतीच्या खालच्या फटीतून शेजारच्या काकूंच्या पडवीत. त्यांचं घर जुनं, जोतं बुटकं. पडवीत ज्वारीची पोती होती, त्यांतली दोन खालून भिजली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा काकूंनी अंगणात गोधडी पसरली आणि त्यावर ज्वारी वाळत घातली. आमच्या खिडकीतून समोर दिसत होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी विरजण मागायला येण्याचा त्यांचा रोजचा रिवाज, त्या दिवशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. वन्सं मला म्हणाल्या, “अगं, भांडली असती तर बरं झालं असतं. चार शब्द बोलून मोकळी झाली असती. ही काही बोलतच नाही.”

भावोजींचं म्हणणं निराळं. “पाणी उताराकडे जाणारच. त्यांची जागा खाली, त्याला आपण काय करणार? तसा कायदाच आहे.”

कायदा आहे हे खरं. १८८२ सालचा ‘इझमेंट अ‍ॅक्ट’, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, त्यात हे उदाहरण घालून दिलेलं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी ठरावीक पाटातून न वाहता आपोआप खाली येत असेल, तर खालच्या मालकाने ते येऊ द्यायचं. पण ‘आपोआप’ या शब्दावर बोट ठेवा. मुरमात जिरणारं पाणी आपण कोब्याने अडवलं, पत्र्याचं पाणी त्यात आणून सोडलं, आणि सगळं गोळा करून एका फटीतून शेजारणीच्या पडवीत घातलं, तर त्याला आपोआप कसं म्हणायचं? मी हे भावोजींना सांगितलं. ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. पण कोर्टकचेरीचा विचार अशा बाबतीत करूच नये असं माझं मत आहे. निकाल लागेपर्यंत दोन्हीकडच्या सुना सासवा होतात, आणि पाणी तिथेच असतं.

मी वन्संना म्हटलं, “वन्सं, आधी पाणी किती आहे ते तरी बघू.”

हिशेब सोपा आहे, तुम्हीही करून बघा. हजार चौरस फूट जागेवर एक इंच पाऊस पडला की साधारण २,३६० लिटर पाणी होतं. वन्संचा कोबा ३६० चौरस फूट, म्हणजे एका इंचाला ८५० लिटर. शिवाय घराच्या पत्र्याचं पुढचं पाखं ३०० चौरस फुटांचं, त्याच्या पागोळ्या याच कोब्यावर पडतात, ते आणखी ७०० लिटर. एकूण झालं साडेपंधराशे. आपली पंधरा लिटरची बादली धरली तर शंभरावर बादल्या! शेजारणीच्या पडवीत शंभर बादल्या पाणी कुणी हाताने ओतलं असतं का? हा आकडा ऐकल्यावर भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

आता उताराचं बघायचं. यासाठी इंजिनिअर लागत नाही. पुढचा पाऊस थांबला की लगेच बाहेर जा आणि साचलेल्या पाण्याच्या कडेने चुन्याची किंवा रांगोळीची रेघ ओढा. पाण्याची कड म्हणजे आयती समपातळी. त्या रेघेच्या आतली सगळी जागा खोलगट. मध्ये जिथे पाणी सर्वांत खोल असेल तिथे मुलांची पट्टी उभी धरा. किती भरायला हवं ते इंचात कळलं. पाऊस नसेल तर पाइप लावून पाणी सोडा, काम तेच होतं.

घर आणि फाटक यांच्यात उतार किती हे बघायला गवंडी पारदर्शक नळी वापरतात. पंधरा-वीस फूट नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक तुम्ही भिंतीला धरा, दुसरं मुलाला फाटकाच्या खांबाला धरायला सांगा. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येऊन ठरलं की पेन्सिलने खुणा करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा. जो फरक येईल तो तुमचा उतार. नळी लहान पडली तर मध्ये काठी रोवून दोन टप्प्यांत मोजा. सिमेंटच्या किंवा फरशीच्या जागेला पाच फुटांना एक इंच उतार हवा. मुरमाला जास्त लागतो, पाच फुटांना दीड-दोन इंच, कारण मुरमावरून पाणी अडखळत जातं. फार उतार देऊ नये, शेवाळ आलं की पाय घसरतो, आणि घरात सासूबाई असतील तर ते भलतंच महागात पडतं.

आम्ही मोजलं. काकूंच्या बाजूला बारा फुटांत जेमतेम एक इंच उतार होता, आणि पायरीपाशी अर्धा इंच उलटा, घराकडे. फाटकाबाहेर तर वेगळीच गंमत. बाहेरच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं थर चढत गेले होते. रस्ता उंच होत जातो आणि घर मात्र तिथंच राहतं! पंचवीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या वर असलेलं वन्संचं फाटक आता चार इंच खाली होतं. म्हणजे पाणी पुढे रस्त्यावर सोडायची सोयच नाही, उलट रस्त्याचं पाणी आत यायचं. रस्त्याच्या कडेचे कितीतरी प्लॉट आज असेच बशीसारखे झालेले आहेत. तुमचं घर त्यांतलं असेल तर कोबा करताना उतार सरळ फाटकाकडे देऊन मोकळं होता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

मी गवंड्याला विचारलं, “दादा, उतार देताना पाणी शेवटी कुठे जाईल हे विचारलं नाहीत?” तो म्हणाला, “ताई, पाणी आपली वाट काढतंच की.” त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. त्याला सांगायला भावोजी उभे होते, आणि भावोजी सकाळी नऊला जातात ते रात्री येतात. पाऊस पडताना पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, मोरीचं पाणी कुठे फुगतं, हे वन्संना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण काम चाललं तेव्हा त्या आत चहा करत होत्या. आपल्या घरांत हे असंच चालतं. रंग कुठला हवा ते बाईला विचारतात, उतार कुठे हवा ते नाही. बायांनो, चहाचा गॅस बारीक करून बाहेर या आणि बोट दाखवून सांगा, “इथे साचतं. इथे फुगतं. इथून शेजारी जातं.”

मग उपाय काय केला? कोबा फोडायची कुणाची तयारी नव्हती, आणि गरजही नव्हती. पाणी काकूंच्या बाजूला जातंय ना, तर जाऊ दे. फक्त कुंपण ओलांडायच्या आत ते पकडायचं. कुंपणभिंतीपासून थोडं अंतर सोडून कोब्याची नऊ इंची पट्टी कटरने कापून काढली आणि तिथे सहा इंच खोल उघडी नाली बांधली. नालीच्या तळाला परसाकडे उतार दिला, दहा फुटांना एक इंच. परसू दीड फूट खाली असल्यामुळे तो सहज मिळाला. भिंतीखालची फट दोन्ही अंगांनी सिमेंटने भरली. उघडी नाली मी मुद्दाम म्हणते. जमिनीखालून पाइप टाकला की दिसायला छान दिसतं, पण पहिल्याच पावसात त्यात पाला आणि प्लास्टिकची पिशवी अडकते, आणि मग ती कुठे अडकली हे देवालाच माहीत.

पायरीशी जो खळगा होता तिथे भावोजी म्हणत होते, वरून अर्धा इंच सिमेंट ओतू. ते करू नका. असा पातळ थर जुन्या कोब्याला धरत नाही, एका उन्हाळ्यात पापडासारखा सुटून येतो. खळग्याचा भाग चौकोनी कापून काढायचा, खाली धुम्मसने ठोकून घ्यायचं आणि नवं काँक्रीट भरायचं. गाडी उभी राहणार असेल तर चार इंच जाडी हवी. प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. आणि शेवटी आरशासारखं घोटायचं नाही! सिमेंट ओलं असताना खराट्याने उताराच्या दिशेने रेघा ओढून घ्यायच्या. पायही घसरत नाही आणि पाण्यालाही वाट मिळते. रांगोळीसाठी पायरीजवळचा हातभर चौकोन गुळगुळीत ठेवा, तेवढी हौस करायला हरकत नाही. पुढे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. हे काम शेवटी आपल्याकडेच येतं, तेव्हा वर गोणपाट अंथरून ठेवा, म्हणजे ओल टिकते.

फाटकाशी दोन इंचांचा उंचवटा केला, गतिरोधकासारखा पण बसका, आणि त्याच्या आतल्या बाजूला आडवी नाली घेऊन वर लोखंडी जाळी टाकली. जाळी घेताना दोन गोष्टी बघा. गाडीचं ओझं पेलेल एवढी ती जड हवी आणि फटी बोटाएवढ्याच हव्यात. नाहीतर सायकलचं चाक आणि बाळाचं पाऊल, दोन्ही अडकतात. जाळी सिमेंटमध्ये पक्की करू नका, उचलता आली पाहिजे. फाटकाबाहेर रस्त्याकडेचा चर मातीने बुजला होता. तो दोन्ही घरच्या मुलांनी एका रविवारी मोकळा केला. दोन्ही घरच्या म्हटलं, पण तो भाग मागाहून आला.

पुढच्या पाख्याला पन्हळ लावली. पन्हळीचं पाणी पाइपने दोनशे लिटरच्या पिंपात घेतलं आणि पिंप भरल्यावर उरलेलं नालीत. पत्र्याचं पाणी कोब्यावरच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं, गाडीचं तेल त्यात नसतं. पहिल्या एक-दोन पावसांचं जाऊ दिलं की पुढचं भांडी-फरशी, झाडं यांना उत्तम. पिंपाला झाकण मात्र घट्ट हवं.

आता सगळ्यांत मोठा प्रश्न. परसात आलेल्या पाण्याचं काय? कुणीतरी सांगितलं, शोषखड्डा करा. शोषखड्डा चांगलाच, पण त्याच्याही मर्यादा समजून घ्या. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्ड्यात दगड-गोटे भरले की दगडांच्या फटींत सुमारे सातशे लिटर पाणी मावतं. आपल्याकडे येणार साडेपंधराशे. म्हणजे जमीन ते भराभर पीत असेल तरच एका खड्ड्यावर भागेल. जमीन पिते की नाही ते आधी बघावं. फूटभर खोल खड्डा खणा, दोनदा पाणी ओतून माती भिजू द्या, तिसऱ्यांदा भरून तासाभराने पट्टीने मोजा. एक-दोन इंच उतरलं असेल तर जमीन मुरमाड आहे, खड्डा काम करील. अर्धा इंचही हललं नसेल तर काळी माती किंवा खाली कातळ आहे असं समजा. तिथे खड्डा केलात तर त्याचं डबकं होईल. आपल्याकडे हातभर मातीखाली काळा पाषाण लागणं काही नवलाचं नाही.

वन्संच्या परसात वर काळी माती आणि दोन फुटांवर मुरूम लागला. खड्डा जमला. तरी त्याच्या वरच्या अंगाला जादा पाण्यासाठी वाट ठेवावीच लागली, आणि ती वाट दोन्ही घरांच्या मागच्या सामाईक बांधाला लागून ओघळीपर्यंत जाते. म्हणजे काकूंना विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

वन्सं दोन दिवस टाळत होत्या. शेवटी आम्ही दोघी गेलो. मी सोबतीला, बोलायचं त्यांनी. काकूंनी बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला. वन्संनी ज्वारीचा विषय काढला आणि पुढे त्यांना काही बोलवेना. काकूच म्हणाल्या, “ज्वारीचं काय, वाळली. पण भिंत बघा.” पडवीच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली होती, पोपडे सुटले होते. आम्हाला आमच्या खिडकीतून ते दिसलंच नव्हतं.

बांधालगत चर घ्यायला त्या तयार झाल्या. त्यांचा एकच सवाल होता. “मग माझ्या मोरीचं पाणीही सोडू का त्या खड्ड्यात?” सवाल रास्त होता, तरी आम्ही नको म्हटलं. मोरीच्या पाण्यात साबण, खरकटं, तेल येतं. त्याचा थर दगडांवर बसला की खड्डा पाणी प्यायचा थांबतो. त्यासाठी वेगळा खड्डा आणि त्याच्या आधी गाळ अडवणारी छोटी टाकी हवी. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथे घरोघर असे शोषखड्डे करून सांडपाण्याची डबकी घालवली, आणि डबकी गेल्यावर डासही गेले. त्यांच्या खड्ड्यात मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात आणि भोवती दगड भरतात. गाळ टाकीत खाली बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जातं, आणि टाकी अधूनमधून साफ करता येते. काकूंना ते पटलं. दोन्ही खड्डे एकाच वेळी खणले, त्यामुळे दगडगोट्यांची एकच खेप पुरली. एका खड्ड्याला ब्रासच्या निम्म्याहून थोडे जास्त दगड लागतात, आणि अर्धा ब्रास मागितला तर ट्रॅक्टरवाला भाडं पुऱ्या खेपेचंच लावतो.

शोषखड्डा घराच्या भिंतीपासून निदान दहा फूट लांब हवा, आपल्याही आणि शेजाऱ्यांच्याही. विहीर किंवा बोअर असेल तर त्याच्यापासून आणखी लांब. संडासाच्या टाकीत पावसाचं पाणी चुकूनही सोडू नका, टाकी उलटी फुगते आणि मग जे होतं ते इथे लिहायला नको.

तुमच्याकडे अजून कोबा झालेला नसेल तर तुम्ही नशीबवान. सगळी जागा झाकायचा हट्ट धरू नका. गाडी चाकांवर चालते, मधल्या पोटाला जमीन लागत नाही! चाकांपुरत्या दीड-दीड फुटाच्या दोन पट्ट्या काँक्रीटच्या किंवा जाड फरशीच्या करा, आणि मध्ये व कडेला खडी टाका नाहीतर हिरवळ लावा. खर्च निम्म्यावर येतो आणि बरंचसं पाणी जागच्या जागी जिरतं. पेव्हर ब्लॉकची हल्ली फार हौस आहे. त्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी जिरतं, हे बरोबर. पण खालचा मुरूम नीट ठोकला नाही तर वर्षभरात चाकांखाली दोन पन्हळी तयार होतात. ब्लॉक महाग की स्वस्त याआधी, खाली काय घालणार हे विचारा. आणि काहीही करा, तयार जमीन घराच्या जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. एकदा ओल भिंतीत शिरली की रंगाने झाकत नाही.

शेवाळाबद्दल दोन शब्द. ब्लीचिंग पावडर भुरभुरून अर्ध्या तासाने खराट्याने घासलं की शेवाळ निघतं. पण त्याच वेळी फरशी धुवायचं ॲसिड किंवा संडास साफ करायचं औषध त्यावर ओतू नका. दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू सुटतो, श्वास कोंडतो. मुलांना लांब ठेवा, हातात मोजे घाला. शहाबादी फरशी असेल तर ॲसिड एरवीही लावू नये, ती चुनखडीची, ॲसिडने खायला लागते.

आणि डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडायला लागते. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. घरातली भांडी, पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या त्या दिवशी रिकाम्या करतोच, त्याच दिवशी नालीची जाळीही उचलून आतला पाला काढा आणि तळाशी पाणी थांबलंय का ते बघा. सारोळ्यात बुधवार ठरलाय. एका बुधवारी वन्सं, एका बुधवारी काकू. जाळी जड आहे, ती उचलायला भाच्याला सकाळी उठवावं लागतं, एवढीच कटकट.

या मेमध्ये वळीव आला तेव्हा वन्संनी भर पावसात फोन लावला. त्यांच्या बोलण्यापेक्षा पत्र्यावरच्या पावसाचाच आवाज जास्त. “नाली भरून चाललीय गं, पण पलीकडे थेंब नाही,” एवढं मात्र कळलं. पायरीशी अजून ताटाएवढं पाणी राहतं. चौकोन कापताना गवंड्याने एक कोपरा सोडला. ऊन पडलं की तासाभरात वाळतं, म्हणून वन्संनी तो तसाच ठेवलाय.

काकूंच्या भिंतीचं काम मात्र राहिलं आहे. सुटलेलं प्लॅस्टर हातभर वरपर्यंत काढून टाकलं, विटा उघड्या ठेवल्या, पोती लाकडी घडवंचीवर चढवली. नवं प्लॅस्टर भावोजी करून देणार आहेत. ओली भिंत लगेच लिंपली तर पुन्हा पोपडे येतात. एक अख्खा उन्हाळा तिला वारा मिळायला हवा, आणि यंदाचा वळवाने लवकरच संपवला. वन्संनी हौसेने रंगाचा डबा आधीच आणून ठेवलाय. तो माळ्यावर आहे.